शिश्नावरच्या त्वचेचा आजार: डॉक्टरांनी काय लिहिलं, कोड काय लागला, क्लेम का अडकला

शिश्नाच्या टोकावर लाल चट्टा उठतो, खाज सुटते, पुढची कातडी मागे घेताना बारीक चिरा पडतात आणि हळूहळू ती मागे सरकेनाशीच होते. हा काही लाखात एखाद्याला होणारा आजार नाही. तरी घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही, मित्रांत बोलत नाही, आणि डॉक्टरांसमोर बसल्यावरही बहुतेक पुरुष ‘खाली जरा त्रास आहे’ एवढं सांगून गप्प होतात. डॉक्टर घाईत असले तर केसपेपरवरही तेवढंच उतरतं. पुढे ऑपरेशनची वेळ येते, मेडिक्लेमचा फॉर्म भरला जातो, आणि त्या एक-दोन शब्दांवरून विमा कंपनी पैसे द्यायचे की नाही ते ठरवते.

मी वडोदऱ्यात मेडिकल कोडिंगचं काम करते. अमेरिकेतल्या दवाखान्यांचं बिलिंग आणि कोडिंग करणारी ऑफिसं आमच्या शहरात बरीच आहेत. तिथल्या डॉक्टरांच्या नोंदी वाचायच्या आणि प्रत्येक आजाराला नेमून दिलेला कोड लावायचा, हे माझं रोजचं काम. घरी आले की दांडिया बाजारातल्या ओळखीच्या लोकांच्या मेडिक्लेमच्या फाइली समोर येतात. पुरुषांच्या या आजारांच्या फाइली घेऊन येतात त्या मात्र बहुधा त्यांच्या बायका. स्वतः पुरुष क्वचितच येतात. म्हणून हे सगळं एकदा सरळ शब्दांत लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी कोड म्हणजे काय ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने जगातल्या सगळ्या आजारांची एक यादी केली आहे, तिला आयसीडी म्हणतात. तिची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. भारतातली हॉस्पिटलं आणि विमा कंपन्या आजही मुख्यतः तीच वापरतात. प्रत्येक आजाराला एक अक्षर आणि काही आकडे. अक्षरावरून आजाराचं खातं कळतं: ए आणि बी म्हणजे संसर्ग, सी म्हणजे कॅन्सर, ई मध्ये मधुमेह, एल म्हणजे त्वचा, एन म्हणजे मूत्रमार्ग आणि जननेंद्रियं. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जे गेले असतील त्यांना हे चटकन कळेल. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावलं आणि त्यांनी इथल्या पुस्तकांसाठी वर्गीकरणाची पद्धत बसवून दिली. पुस्तकाचा नंबर ठरतो तो आतला मजकूर वाचून. आजाराच्या कोडचंही तसंच आहे. कोड लावणाऱ्याने तुम्हाला पाहिलेलं नसतं, तो फक्त डॉक्टरांनी लिहिलेलं वाचतो. जे लिहिलं नाही ते त्याच्या दृष्टीने झालंच नाही.

आता तो लाल चट्टा घ्या. दिसायला एकच, पण त्यामागे किती वेगवेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाची जागा यादीत किती लांब लांब आहे, हे पाहिलं की लिहिण्याचं महत्त्व पटतं.

शिश्नमुंडाला, म्हणजे शिश्नाच्या टोकाला, साधी सूज आणि लाली असेल, तर तिला बॅलॅनायटिस म्हणतात आणि कोड एन ४८.१. तीच सूज कॅन्डिडा नावाच्या बुरशीने आली असेल तर अक्षरच बदलतं आणि ती बी ३७ मध्ये जाते. हर्पिस असेल तर ए ६०. सिफिलिसचा पहिला व्रण असेल तर ए ५१.०. सोरायसिसचा चट्टा असेल तर एल ४०. एखाद्या गोळीची रिॲक्शन म्हणून दर वेळी त्याच जागी काळपट-लाल डाग उठत असेल, तर एल २७.१. ही शेवटची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. काही अँटिबायोटिक आणि वेदनाशामक गोळ्यांनी असा डाग येतो, आणि जननेंद्रिय ही त्याची आवडती जागा आहे. माणसाला वाटतं काहीतरी ‘लागण’ झाली. घरात संशयाचं वातावरण होतं. प्रत्यक्षात कारण असतं जुलाबासाठी घेतलेली गोळी. डॉक्टरांनी विचारलं नाही, रुग्णाने सांगितलं नाही, आणि कागदावर ‘जेनिटल अल्सर’ एवढंच राहिलं, तर कोड लावणारा त्यातून गोळी शोधून काढू शकत नाही.

म्हणून पहिली गोष्ट: हा त्रास म्हणजे गुप्तरोगच, असं धरून चालू नका. आपल्याकडे त्वचेच्या डॉक्टरांची पदवीच त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग अशा तिन्ही विषयांची मिळून असते, त्यामुळे पाटीवर ‘चर्मरोग व गुप्तरोग तज्ज्ञ’ असं येतं. त्या पाटीखाली आपल्याला कुणी पाहील म्हणून लोक रावपुऱ्यातल्या दवाखान्यासमोरून दोन-दोनदा चक्कर मारून परत जातात. त्या भीतीपायी गेलेले महिने पुढे फार महाग पडतात.

महाग का, ते एका आजारावरून नीट कळेल. त्याचं नाव लायकेन स्क्लेरोसस. शिश्नावर झाला की जुने डॉक्टर त्याला बॅलॅनायटिस झेरॉटिका ऑब्लिटेरन्स म्हणतात, छोट्या रूपात बी.एक्स.ओ. हे नाव १९२८ पासून चालत आलं आहे. यात कातडी पांढुरकी, पातळ आणि कडक होत जाते. पुढच्या कातडीच्या टोकाशी पांढरं कडं तयार होतं, ते आवळत जातं, संबंधाच्या वेळी किंवा नुसती कातडी मागे घेतानाही चिरतं. काही जणांत मूत्रमार्गाचं तोंडही आक्रसतं आणि लघवीची धार बारीक होते. हा संसर्ग नाही. बायकोकडून आलेला नाही, बायकोला लागणारही नाही. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीशी आणि कातडीखाली साचून राहणाऱ्या ओलाव्याशी त्याचा संबंध जोडला जातो. लहान मुलांतही होतो. उपचार न करता वर्षानुवर्षं राहिला तर काही थोड्या रुग्णांत तिथे कॅन्सर होण्याचा धोका असतो. धोका मोठा नाही, पण खरा आहे, म्हणून डॉक्टर पुढे अनेक वर्षं तपासायला बोलावतात.

उपचार म्हणजे आधी जोरदार स्टेरॉइडचं मलम, बहुतेकदा क्लोबेटासोल ०.०५ टक्के, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे ते तीन महिने. त्याने भागलं नाही तर पुढची कातडी काढण्याचं ऑपरेशन, म्हणजे सर्कमसिजन.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगते, कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. हेच क्लोबेटासोल जांघेतल्या नायट्यावर लावलं तर नायटा बरा होत नाही. खाज थांबते, कडा पुसट होतात, आणि आत बुरशी मजेत पसरत राहते. मांड्यांवर कायमचे पांढरट-जांभळे चरे पडतात. मेडिकलच्या दुकानात ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की पूर्वी सर्रास जी ट्यूब हातात पडायची, तिच्यात स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध असं तिन्ही एकत्र असायचं. २०१८ मध्ये सरकारने त्वचेवर लावायची स्टेरॉइडं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. तरी ओळखीच्या दुकानातून आणलेली अर्धी ट्यूब घरोघरी असते. डॉक्टरांना ती दाखवा. तिचं नाव आणि किती दिवस लावली, हे केसपेपरवर यायलाच हवं. ज्या मलमाने एका माणसाचं ऑपरेशन टळतं, त्याच मलमाने दुसऱ्याचा आजार वर्षभर लांबतो, आणि दोघांच्याही चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘इचिंग’.

आता कोडकडे वळू. लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा आजार, तेव्हा त्याला एल अक्षर असेल असं वाटेल. अंगावर इतरत्र झाला तर आहेच: एल ९०.०. पण अमेरिकेत आम्ही जी आवृत्ती वापरतो, तिच्यात पुरुषांच्या जननेंद्रियावर झाला तर तो एन ४८.० मध्ये जातो, आणि एल ९०.० खाली तशी स्पष्ट सूचना छापलेली आहे. म्हणजे डॉक्टरांनी फक्त ‘लायकेन स्क्लेरोसस’ लिहिलं आणि जागा लिहिली नाही, तर कोड चुकतो. आयसीडीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात हा आजार जागा कुठलीही असो, त्वचेच्याच प्रकरणात ठेवला आहे. मला ते जास्त पटतं. पण आपल्याकडचे विम्याचे फॉर्म अजून दहाव्या आवृत्तीवर चालतात.

आवृत्त्यांचा हा फरक लक्षात ठेवा, कारण त्यावरून उगीच भांडणं होतात. जागतिक संघटनेच्या मूळ यादीत फायमोसिसला, म्हणजे कातडी मागे न सरकण्याला, फक्त एन ४७ असा कोड आहे. अमेरिकन आवृत्तीत त्याचे आणखी तुकडे केले आहेत आणि फायमोसिस एन ४७.१ होतो. इंटरनेटवर शोधलं की बहुतेक वेळा अमेरिकन यादीच समोर येते. तेव्हा हॉस्पिटलच्या कागदावर नुसतं एन ४७ दिसलं तर त्यांनी चूक केली असं समजू नका.

खरी अडचण दुसरीकडे आहे, आणि ती मी अगदी जवळून पाहिली.

आमच्या शेजारच्या वाड्यातल्या वहिनी एका संध्याकाळी फाइल घेऊन आल्या. भाऊजी बरोबर आले होते, पण ओट्यावरच थांबले, आत आले नाहीत. वहिनींनी विमा कंपनीचं पत्र पुढे केलं. क्लेम नामंजूर. कारण काय, तर सर्कमसिजन पॉलिसीत बसत नाही.

“ताई, हे लोक म्हणतात रीतीरिवाजाचं ऑपरेशन आहे. आपल्यात कुठे असतं हे? ह्यांना तर लघवीला बसता येत नव्हतं.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता गोंधळ होता. मी फाइल पसरली. सर्जनच्या चिठ्ठीवर एक ओळ: ‘फायमोसिस, सर्कमसिजनचा सल्ला’. कॅशलेससाठी, म्हणजे बिल कंपनीनेच थेट हॉस्पिटलला भरावं म्हणून, आधी परवानगी मागायला हॉस्पिटलने पाठवलेल्या प्री-ऑथ फॉर्मवर कोड होता झेड ४१.२.

झेड हे अक्षर आजाराचं नाहीच. माणूस आजारी नसताना दवाखान्यात का आला, ते सांगण्यासाठी झेडचे कोड असतात: लस घ्यायला, तपासणीला, असं. झेड ४१ या गटाचं शीर्षकच सांगतं की या प्रक्रिया तब्येत सुधारण्यासाठी नसून इतर कारणांसाठी केलेल्या आहेत. त्यातला .२ म्हणजे नेहमीची किंवा धार्मिक विधी म्हणून केलेली सुंता. ज्यांच्याकडे ती रीत आहे त्यांच्यासाठी तो कोड अगदी बरोबर आहे. भाऊजींच्या बाबतीत मात्र काउंटरवर बसलेल्याने सॉफ्टवेअरमध्ये ‘सर्कमसिजन’ टाइप केलं असणार आणि जी ओळ वर आली ती निवडली असणार. ऑपरेशनचं नाव आणि आजाराचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या क्षणी कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि बऱ्याच पॉलिसींमध्ये अट साधारण अशी असते: सर्कमसिजनचा खर्च मिळणार नाही, पण एखाद्या आजाराच्या उपचारासाठी किंवा अपघातामुळे गरजेचं असेल तर मिळेल. सगळं काही त्या ‘पण’वर अवलंबून आहे, आणि तो ‘पण’ सिद्ध करायचा तर आजार कागदावर दिसायला हवा.

तो दिसत होता, पण भलत्याच ठिकाणी. फाइलच्या मागच्या कप्प्यात, मेडिकलच्या बिलांखाली, त्वचारोगतज्ज्ञांचे जुने केसपेपर होते. त्यात कातडीवरचा पांढरा पट्टा, वारंवार पडणाऱ्या चिरा, बारीक झालेली लघवीची धार, तीन महिने लावलेलं क्लोबेटासोल, सगळं नीट लिहिलेलं. आणि त्याच्याही खाली पॅथॉलॉजीचा रिपोर्ट: काढलेली कातडी तपासली, निदान लायकेन स्क्लेरोसस. यातलं काहीच विमा कंपनीकडे गेलेलं नव्हतं. वहिनींना वाटलं हॉस्पिटलने पाठवलं असेल, हॉस्पिटलला वाटलं पेशंटकडे नसेलच.

मी त्यांना तीन गोष्टी करायला सांगितल्या. सर्जनकडून सुधारित डिस्चार्ज समरी आणि एक पत्र घ्यायचं, ज्यात ऑपरेशन कुठल्या आजारासाठी आणि आधीचे उपचार निष्फळ ठरल्यावर केलं ते स्पष्ट लिहिलेलं असेल. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट जोडायचा. आणि जुने केसपेपर तारखांच्या क्रमाने लावून फेरविचाराचा अर्ज करायचा. क्लेम मंजूर झाला. सर्जन चांगले होते, त्यांनी पत्र त्याच दिवशी दिलं. भाऊजींनी जुने कागद जपून ठेवले होते, हे मोठंच काम झालं.

मेडिक्लेमच्या फॉर्मची रचना माहीत असली तर हे आधीच टाळता येतं. २०१३ मध्ये विमा नियामकाने आरोग्य विम्याचे फॉर्म देशभर एकसारखे केले. क्लेम फॉर्मचा दुसरा भाग हॉस्पिटल भरतं, आणि त्यात मुख्य निदान, इतर निदान, सोबतचे आजार आणि केलेली प्रक्रिया यांच्यासाठी वेगवेगळे रकाने आहेत. सर्कमसिजन प्रक्रियेच्या रकान्यात जायला हवं. मुख्य निदानाच्या रकान्यात आजार हवा. सही करण्याआधी तेवढे दोन रकाने वाचा, हे मी सगळ्यांना सांगते. कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासात उत्तर द्यावं असा नियम २०२४ पासून आहे. रुग्णाच्या दृष्टीने तो चांगलाच आहे, पण त्या तासाभरात समोरचा माणूस जेवढं फॉर्मवर आहे तेवढंच पाहणार, जुनी फाइल मागवत बसणार नाही.

‘किती दिवसांपासून त्रास आहे?’ या प्रश्नाचं उत्तरही जपून द्या. जपून म्हणजे खोटं नाही, नेमकं. लाजेपायी लोक म्हणतात, ‘बऱ्याच वर्षांपासून थोडं थोडं आहे’. डॉक्टर लिहितात ‘अनेक वर्षांपासून’. कंपनी म्हणते, मग हा पॉलिसीच्या आधीचा आजार. तारुण्यात कधीतरी आठवडाभर खाज येऊन गेली होती आणि आत्ताचा पांढरा पट्टा मागच्या दिवाळीनंतर दिसू लागला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या तशाच सांगायला हव्यात. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर त्या आजाराचा खर्च न मिळण्याचा काळ, आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे, पूर्वी तो ४८ होता. आणि पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली असेल, तर फसवणूक सोडून इतर कारणाने, म्हणजे ‘अमुक माहिती दिली नव्हती’ म्हणून, कंपनीला क्लेम अडवता येत नाही.

यावरून मधुमेह आठवतो. पन्नाशीच्या पुरुषाला वारंवार बुरशीचा बॅलॅनायटिस होत असेल तर त्वचेचे डॉक्टर सगळ्यात आधी साखर तपासायला सांगतात. कितीतरी लोकांना आपल्याला मधुमेह आहे हे अशाच तक्रारीतून कळतं. लघवीतून साखर जाते, कातडीखाली ती राहते, बुरशीला आयतं खाद्य मिळतं. आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा एक गट तर मुद्दाम साखर लघवीवाटे बाहेर काढण्यासाठीच बनवलेला आहे: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा फायदा होतो. जननेंद्रियावर बुरशी वाढणं हा त्यांचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, किंमत एकदम उतरली आणि ती गोळी खूप लोकांच्या चिठ्ठीवर आली. आता गंमत अशी होते की गोळी लिहितात मधुमेहाचे डॉक्टर, चट्टा पाहतात त्वचेचे डॉक्टर, आणि दोघांच्या कागदांची गाठ फक्त रुग्णाच्या पिशवीत पडते. त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची चिठ्ठी न्या. स्वतःहून गोळी मात्र बंद करू नका, तो निर्णय मधुमेहाच्या डॉक्टरांचा.

आमच्या कामात याला तीन-चार कोड लागतात: बुरशीच्या बॅलॅनायटिसचा, मधुमेहाचा, आणि औषधाच्या दुष्परिणामाचा. पण शेवटचा कोड केव्हा? डॉक्टरांनी ‘या गोळीमुळे’ असं लिहिलं असेल तेव्हाच. मला दिसत असतं की गोळी चालू आहे, बुरशीही आहे. तरी तो संबंध मी माझ्या मनाने जोडू शकत नाही. डॉक्टरांना विचारू शकते, पण प्रश्नातही उत्तर सुचवायचं नाही असा शिरस्ता आहे. ‘हे गोळीमुळे झालं ना?’ असं विचारता येत नाही. ‘या संसर्गाचं कारण आपल्या मते काय, ते लिहाल का?’ असं विचारावं लागतं. सुरुवातीला हे फार जाचक वाटतं. पण निदान करण्याचा अधिकार डॉक्टरांचा, तो टाइप करणाऱ्याच्या हाती जाऊ नये, हे योग्यच आहे.

तसाच दुसरा नियम ‘संशय’ या शब्दाचा. शिश्नमुंडावर मखमलीसारखा लाल, न बरा होणारा चट्टा असेल तर डॉक्टर कॅन्सरच्या आधीच्या अवस्थेचा विचार करतात आणि छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. ती अवस्था पक्की झाली तर कोड डी ०७.४, आणि कॅन्सर पसरायला लागला असेल तर सी ६०. पण केसपेपरवर ‘कॅन्सरची शंका’ असं असताना अमेरिकेतल्या ओपीडीच्या नियमाप्रमाणे कॅन्सरचा कोड लावता येत नाही. तोवर फक्त दिसणाऱ्या लक्षणाचा कोड लावायचा. कारण उघड आहे. रिपोर्ट साधा आला, तरी एकदा लागलेलं सी अक्षर त्या माणसाच्या नोंदींत राहतं, आणि पुढे विमा घेताना, नोकरी बदलताना ते समोर येऊ शकतं. आपल्याकडे फाइलवर घाईने लिहिलेलं ‘? सीए पेनिस’, म्हणजे ‘शिश्नाच्या कॅन्सरची शंका’, टायपिंगमध्ये प्रश्नचिन्ह गळून पुढे जातं, हे मी पाहिलं आहे. डिस्चार्ज समरी हातात आली की एकदा शांतपणे वाचा. प्रश्नचिन्ह होतं ते आहे ना, आणि नसायला हवं तिथे ते राहिलेलं नाही ना, एवढं पाहा.

डॉक्टरांच्या नोंदीत काय काय असावं? जागा: शिश्नमुंड, पुढची कातडी, दोहोंमधली खाच, की मूत्रमार्गाचं तोंड. दिसतं कसं: लाल, पांढरं, ओलसर, कडक, चिरलेलं. कातडी पूर्ण मागे जाते, अर्धी जाते की अजिबात नाही. लघवीची धार. जांघेतल्या गाठी. साखर, शक्य तर एचबीएवनसीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, आकडा. कुठली मलमं, कुठल्या गोळ्या, किती दिवस. आधी काय उपचार झाले आणि त्यांचा गुण आला की नाही. पाहायला लांबलचक वाटतं, पण चांगले डॉक्टर चार ओळींत हे बसवतात. तुम्ही यातली तुमच्या हातातली माहिती घरूनच एका कागदावर लिहून नेलीत, तर तोंडाने सांगायची लाज निम्मी कमी होते. डॉक्टर तो कागद वाचून घेतात, कुणी हसत नाही. सयाजी हॉस्पिटलच्या त्वचा विभागातही असा कागद घेऊन गेलेलं चालतं.

लहान मुलांबद्दल एवढंच: तीन-चार वर्षांच्या मुलाची कातडी मागे सरकत नसेल तर ते बहुतेक वेळा वयाला धरूनच असतं, ओढाताण करू नका. पांढरं कडं दिसलं, लघवी करताना कातडी फुग्यासारखी फुगली किंवा मूल रडलं, तर दाखवा.

एक भीती बरेच जण बोलून दाखवतात. ऑफिसच्या ग्रुप मेडिक्लेममधून क्लेम केला तर एच.आर.ला कळेल. म्हणून ते खिशातून पैसे भरतात. क्लेमचे कागद थेट टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेमचं काम पाहणाऱ्या संस्थेच्या, पोर्टलवर टाकता येत असतील तर तसेच टाका, ऑफिसच्या मेलवरून पाठवू नका. प्रिंट काढून सहकाऱ्याच्या टेबलावरून पुढे सरकवू नका. रजेच्या अर्जावर ‘छोटी शस्त्रक्रिया’ एवढं पुरतं, निदान लिहायची गरज नाही. पण या भीतीपायी डॉक्टरांना ‘निदान जरा वेगळं लिहा’ अशी गळ घालू नका. कागदावर हर्निया आणि बिलात सर्कमसिजन असं झालं की कंपनी ते फसवणुकीत मोजते, आणि मग ६० महिन्यांचं संरक्षणही उरत नाही.

तुमचे कागद तुम्हाला मिळायलाच हवेत. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दलचे २००२ चे नियम सांगतात की रुग्णाने मागणी केल्यावर त्याच्या नोंदी ७२ तासांत द्यायच्या. दाखल रुग्णांच्या नोंदी किमान तीन वर्षं जपायच्या. मागणी लेखी करा आणि पोच घ्या.

क्लेम नामंजूर झालाच, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. महिनाभर उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. गुजरातसाठी त्यांचं कार्यालय अहमदाबादला आहे. फी लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतची तक्रार चालते, आणि कंपनीच्या शेवटच्या नकारापासून एक वर्षाच्या आत ती करावी लागते. तिथे तुमचं म्हणणं ऐकलं जाईल ते कागदांच्या आधारावर, म्हणून पहिल्या चिठ्ठीपासूनचं सगळं लावून न्या.

आणि ऑपरेशन ठरलं असेल तर आधीच सर्जनना विचारा: काढलेली कातडी पॅथॉलॉजीला पाठवणार ना? काही ठिकाणी ती टाकून दिली जाते. लायकेन स्क्लेरोससची शंका असताना ती तपासायलाच हवी, कारण पुढे किती वर्षं तपासणीला यायचं ते त्या रिपोर्टवर ठरतं. रिपोर्ट यायला बहुधा आठवडाभर किंवा थोडे जास्त दिवस लागतात, तोवर डिस्चार्ज झालेला असतो आणि समरीवर नुसता ‘फायमोसिस’ असतो. रिपोर्ट आला की तो घेऊन टाके पाहायला जाल त्या दिवशीच सर्जनकडून अंतिम निदान त्यांच्या हाताने लिहून घ्या. त्याची एक प्रत क्लेमला जोडा, आणि मूळ रिपोर्ट घरी ठेवा. पाच वर्षांनी तिथे नवा चट्टा दिसला आणि डॉक्टर बदललेले असले, तर ते सगळ्यात आधी तोच मागतील.